चौथीनं पोचायचं होतं

आमच्या घरात दुखणं कधी कुणा एकाचं नसायचं. डोकं माझं दुखायचं आणि सुंठ आत्या उगाळायची, काढा आई उकळायची, आणि "दार लावा, वारं लागेल तिला," असं अण्णा आतल्या खोलीतून सांगायचे. त्यामुळं माझ्या उजव्या पायाची नळी दुखायला लागली, तेव्हा मी ती गोष्ट जमेल तेवढे दिवस कुणाला कळू दिली नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि पळत होते. आमच्या अख्ख्या घराण्यात पळणारी मी पहिलीच. आधीच्या पिढ्यांनी पूजा सांगितल्या, नंतरच्यांनी कारकुनी केली, आणि ही दोन्ही कामं बसून करायची. अण्णा म्हणायचे, "आपल्याकडची माणसं एस.टी. सुटत असेल तेव्हा पळायची, तेवढंच." पण म्हणताना त्यांच्या मिशीत हसू असायचं, आणि माझे बूट त्यांनीच गुलमंडीवरून स्वतः पारखून आणले होते.

औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. त्या वेळी गावाला औरंगाबाद म्हणत. आता छत्रपती संभाजीनगर. माझ्या तोंडी दोन्ही नावं येतात आणि नातवंडं माझी चूक काढतात, काढू देत. सकाळ व्हायची ती खालच्या दुकानाचं शटर वर गेल्याच्या खडखडाटानं. मग हातगाड्या, मग रिक्षांचे भोंगे, मग समोरच्या गल्लीतून भाजीवालीची आरोळी. आई तोवर ज्वारीच्या भाकरी थापायला बसलेली असायची. तिच्या थापण्याचा आवाज ऐकून आज पीठ चांगलं आहे की जुनं होऊन विरी गेलंय, हे मला अंथरुणातून कळायचं. मी पळून आले की पुढ्यात सुशीला यायचा. चुरमुरे भिजवून, शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून केलेला तो पदार्थ पुण्यामुंबईच्या लोकांना समजावून सांगता सांगता माझा जन्म गेला. तो खाऊन मी कॉलेजला जायची, ते थेट संध्याकाळच्या सरावाला पुन्हा मोकळी.

बरोबरीनं पळायची शाहीन. शहागंजाच्या मागं तिच्या वडलांची नानची भट्टी होती. भट्टी पहाटे पेटायची, म्हणून ते घरच पहाटे जागं असायचं, आणि म्हणून शाहीनला पहाटे बाहेर पडायला कुणाची परवानगी काढावी लागत नसे. आम्ही दोघी हिमायत बागेच्या रस्त्यानं पळायचो. ती बडबड करत पळायची, मी दात आवळून. शेवटच्या चढाला मी पुढं निघायची आणि ती मागून ओरडायची, "जा जा, तेरेकू कौनसा इनाम देरे वहाँ." परत येताना भट्टीवर थांबायचं. चाचा, म्हणजे तिचे वडील, कोळशाच्या धगीत लाल झालेले, दोन गरम नान कागदात गुंडाळून द्यायचे. त्यातला एक मी घरी न्यायची. आत्या तो देवघरापासून लांब, खिडकीत ठेवायची, "त्यांच्याकडचं" म्हणायची, आणि दुपारी सगळे निजले की चहात बुडवून खायची. आम्ही सगळ्यांनी हे पाहिलेलं होतं आणि कुणीच कधी पाहिलं नाही.

आमच्या कॉलेजात पळणाऱ्या मुली मोजून चार. शाहीन, मी, आणि वसतिगृहातल्या लता आणि मंगल. दाभाडे सर आमचे खेळाचे शिक्षक. ते हिवाळ्यातल्या विभागीय क्रॉसकंट्रीची तयारी करून घेत होते. डोंगराच्या पायथ्यानं, दगडधोंड्यांतून पळायची ती शर्यत. तिथून पुढं पुण्याला जायचं होतं. मला त्या शर्यतीत पहिलं यायचं होतं. बरं यायचं, चांगलं पळायचं, असलं काही नाही, पहिलंच. ही इच्छा मी कुणाला सांगितली नव्हती, पण रात्री डोळे मिटले की मला शेवटच्या रेघेवर ताणलेली सुतळी छातीला लागलेली जाणवायची.

आणि नेमकी तेव्हाच नळी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग नुसतं चालतानाही. जिना उतरताना सगळ्यात जास्त. मी कठडा धरून आडवी आडवी उतरायला लागले. आत्या गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली असायची. अण्णांची ही थोरली बहीण. गंगापूरला दिलेली, यजमान गेल्यावर आमच्याकडं राहायला आलेली. तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नसे. "खेकड्यासारखी काय उतरतीस गं?" तिनं विचारलं. मी काही नाही म्हटलं. तिनं मला तिथंच पायरीवर बसवलं, सलवार वर सारली, नळीवरून अंगठा दाबत नेला, आणि एका जागी मी किंचाळले. "हात्तिच्या, एवढंच होय," आत्या म्हणाली. "लई जुना उपाय आहे. बिब्बा घालू. उद्या पळशील."

बिब्बा म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. काळं, हृदयाच्या आकाराचं फळ. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं कढत तेल सुटतं. पायात काटा मोडला, टाच फुटली, घोटा मुरगळला, लावा बिब्बा. आत्यानं गंगापुरात निम्म्या गल्लीला घातलेला. तिनं माझ्या नळीवर सरळ रेषेत ठिपके दिले, रांगोळीला देतात तसे, आणि माझं तोंड गोड केलं. पण बिब्बा सगळ्यांना सोसत नाही. काहींच्या अंगावर तो उततो. माझ्या अंगावर असा उतला की दुसऱ्या दिवशी सकाळी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाय सुजला होता, फोड आले होते, आणि खाजेनं पलंगाची पाटी चावायचीच काय ती बाकी राहिली होती. आई भाकरी अर्ध्यावर टाकून ओली फडकी घेऊन धावली. आत्या मात्र डगमगली नाही. तीळ आणि खोबरं वाटून तिनं पायाला थापलं आणि शेजारच्या काकूंना म्हणाली, "पोरीचं अंगच उष्ण, बिब्ब्याचा काय दोष."

अण्णा तेव्हा पैठणला होते. जायकवाडीच्या कालव्यावर निरीक्षक होते ते. पाणी सुटलं की आठ आठ दिवस तिकडंच. घरी आले, पाय पाहिला, आणि आत्याला काही म्हणायचं म्हणून तोंड उघडलं, पण थोरल्या बहिणीपुढं त्यांचं तोंड कायमच अर्धं उघडून मिटायचं. मला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडात धरला आणि म्हणाले की हाडाला बारीक तडा जायच्या बेतात होता. अजून थोडे दिवस पळाली असती तर प्लास्टरच. "बरं झालं, या फोडांनी बसवून ठेवली." अण्णांनी हे घरी येऊन सांगितलं आणि संपलंच. त्या दिवसापासून आत्या मरेपर्यंत, माझा पाय तिच्या बिब्ब्यानं वाचवला, हे औरंगपुऱ्यात सर्वांना ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर, वाचवलाच की. फोडांवर मोजासुद्धा चढत नव्हता, बूट कुठला घालणार. डॉक्टरांनी नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? शक्य नाही. मी चोरून पळाले असते आणि हाड मोडून घेतलं असतं. आज माझे दोन्ही पाय धड आहेत, त्याला एका म्हातारीची चूक कारण आहे, आणि मी तिचे उपकार मानते.

पण हे शहाणपण आताचं. तेव्हा मी गॅलरीत पाय स्टुलावर ठेवून बसायची आणि मला रडू यायचं. शर्यत जवळ येत होती. शाहीन पहाटे पळून झाल्यावर नान घेऊन वर यायची, माझ्याजवळ बसायची, आणि चढावर आता तीच सगळ्यांच्या पुढं असते, हे मला सरांकडून कळलेलं असायचं. ती स्वतः कधी सांगायची नाही. मला तिचा हेवा वाटायचा, सपशेल. आणि ती आली नाही तर दिवस सुना जायचा. दोन्ही खरं होतं.

एके सकाळी ती आली आणि नान हातातच धरून बसली. मी विचारलं तर म्हणाली, "अब्बा बोले, पुना अकेली कू नै भेजता." मी म्हटलं, पण तू तर जिंकशील. तेच तर, ती म्हणाली. जिंकली की एकटीची निवड होईल; बरोबर कोण, तर कुठले तरी अनोळखी सर. चाचा त्याला तयार नव्हते. संघ म्हणून चौघी गेल्या तर जा म्हणाले, आणि त्यातही अण्णांची मुलगी बरोबर असेल तर. चाचा आणि अण्णांची ओळख नानपुरती होती, पण त्यांचा अण्णांवर का कोण जाणे विश्वास होता. "तू जारी तो मैं जाती. नै तो नै," शाहीन म्हणाली आणि उठून गेली. तिनं माझ्याकडं काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं.

संध्याकाळी दाभाडे सर घरी आले. आईनं चहा केला. सर अण्णांना समजावत होते, पण बघत होते माझ्याकडं. "संघात चौघींचे नंबर मिळवतात, साहेब. बेरीज ज्यांची कमी, तो संघ पहिला. आमच्या तिघी पुढं येतात, त्याची काळजी नाय. पण चौथी पोचलीच नाय तर संघच धरत नाहीत. हिला पळायचं नाय. हिनं नुसतं पोचायचं." अण्णांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "आवर्तनानं घेऊ."

हे आवर्तन काय ते सांगते. कालव्याला पाणी रोज सोडत नाहीत. पाळी पाळीनं सोडतात, मधे कालवा कोरडा ठेवतात. आणि सोडतानाही एकदम भरून सोडत नाहीत. आधी थोडं, मग थोडं वाढवून. एकदम भरला तर भराव फुटतो, आणि एकदम रिकामा केला तर आतलं सिमेंटचं अस्तर ढासळतं. अण्णांनी जन्मभर हेच केलं होतं आणि त्यांना माणसं सांभाळायची दुसरी रीतही ठाऊक नव्हती. फोड वाळल्यावर त्यांनी माझं आवर्तन सुरू केलं. आधी फक्त चालायचं, बागेच्या फाटकापर्यंत. मग एक दिवस कोरडा. मग चालता चालता थोडं पळायचं, पुढच्या खांबाला थांबायचं. मग परत कोरडा. कधी त्यांचा अंदाज चुकायचा, नळी कुरकुरायची, आणि ते तोंड कसनुसं करून "विसर्ग जास्त झाला" म्हणायचे आणि दोन पावलं मागं यायचे. सकाळी बागेत फिरायला येणारे पेन्शनर मला मागं टाकून जायचे. एक गृहस्थ तर छडी घेऊन. मी एकदा रस्त्यातच थांबले आणि म्हणाले, "अण्णा, मी कालवा नाहीये." ते म्हणाले, "कालवा बरा. उलटून बोलत नाही." आणि पुढं चालायला लागले.

परवा आमच्या सोसायटीतली एक मुलगी लिफ्टमधे भेटली. घोट्याला पट्टी, मनगटाला घड्याळ, डोळे भरलेले. मोठ्या शर्यतीची तयारी करत होती, आता डॉक्टरांनी अर्ध्या अंतराचीच पळा म्हणून सांगितलंय. "काकू, टार्गेटच बदलावं लागलं," म्हणाली, घरातलं कुणी गेल्यासारख्या आवाजात. मी तिला घरी आणून सुशीला खायला घातला. उपदेश केला नाही. पण मनात आलं की माझंही बदललं होतं, आणि मी एकटी असते तर ते मला कधीच बदलता आलं नसतं. पहिलं यायची इच्छा फार मोठी होती, पण ती माझी एकटीची होती. चुकली असती तर मी एकटीच रडले असते. नुसतं पोचायचं हे ऐकायला केवढंसं, पण त्याच्यावर शाहीनचं पुणं अडकलं होतं. मला रात्री सुतळी दिसायची थांबली. त्याऐवजी आपण मधेच बसलोय आणि शाहीन परत भट्टीकडं निघालीये, असं दिसायचं, आणि मी घाबरून उठायची.

शर्यतीच्या सकाळी थंडी होती. लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याला वाळलेलं गवत, सलवारीला कुसळं चिकटत होती. शिट्टी झाली आणि सगळ्या सुटल्या, आणि मी सुटले नाही. मी चालीसारखं पळायला लागले, अण्णांच्या खांबांच्या हिशेबानं. बघता बघता घोळका पुढच्या वळणाला नाहीसा झाला, माझ्या मागं दम गेलेल्या दोघीच उरल्या. अशी मागं मी आयुष्यात पडले नव्हते. टेकाडावर पोरांचं टोळकं बसलं होतं. "ताई, रिक्षा बोलवू का?" एकानं विचारलं आणि बाकीचे फिदीफिदी हसले. कान तापले. पाय आपोआप उचलायला लागले, आणि तेवढ्यात वळणावरच्या दगडावर अण्णा दिसले. रजा टाकून आले होते. ऑफिसच्या चपला, काखेत पिशवी, आणि एक हात पुढं करून तळवा खाली दाबत होते, कालव्याच्या दारावरच्या माणसाला पाणी कमी कर म्हणून खूण करतात तसा. मी कमी केलं.

पुढं उतार लागला आणि उताराला नळीनं डोकं वर काढलं. आधी टोचल्यासारखं, मग जिन्यावर दुखायचं तसं. माझ्या पुढं एक मुलगी थकून लटपटत होती, तिला सहज गाठता आलं असतं. एक तरी नंबर मिळेल, असा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण गाठायला जाऊन पाय गेला तर? मी पळणं थांबवलं आणि चालायला लागले. लटपटणारी ती मुलगी दिसेनाशी झाली. मागून एक जण येऊन पुढं गेली, तिच्याकडं मी बघितलंही नाही. मला देव आठवत नव्हता, काही नाही. मी नुसती पाऊल मोजल्यासारखी म्हणत होते, पोचायचंय, पोचायचंय, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. दुखण्याचं थोडं, भीतीचं जास्त. माझ्याच्यानं झालं नाही तर शाहीनपुढं तोंड घेऊन कसं उभं राहायचं, ही भीती.

शेवटच्या सपाट पट्ट्यावर आले तर दोरीच्या पलीकडून शाहीन धावत येत होती. पहिली आलेली पोरगी, बूट काढून टाकलेले, अनवाणी. मागून सर ओरडत होते, "हात लावू नको गं तिला, बाद करतील!" तिनं हात पाठीमागं बांधून घेतले आणि दोरीच्या त्या बाजूनं माझ्याबरोबर चालायला लागली. चालता चालता मला शिव्या देत होती. कासव म्हणाली, बुढ्ढी म्हणाली, तेरे पाँव में मेंदी लगी क्या म्हणाली, आणि तिचा आवाज फुटत होता. त्या शिव्यांवर मी शेवटची रेघ ओलांडली. मग तिनं हात सोडले आणि आम्ही दोघी तिथंच कुसळांत बसून भोकाड पसरलं. लता, मंगल पहिल्या पाचांत होत्या. बेरीज सरांनी केली, परत एकदा केली, मग टोपी काढून डोकं खाजवत हसायला लागले. अण्णा लांबून येत होते, सावकाश, चपलेतला खडा काढायला मधे थांबत.

पुण्याला निघालो त्या सकाळी एस.टी. स्टँडवर चाचा आले होते. भट्टी सोडून ते कुठं जात नसत, त्यामुळं उजेडात त्यांना मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. वाटेत खायला फडक्यात बांधलेले नान त्यांनी लताकडं दिले. मग अण्णांशी हात मिळवला आणि माझ्याकडं वळले. "और तू? तेरा कितवाँ नंबर आया?" शाहीननं खाली बघितलं. आपल्या घरी तिनं तेवढं सांगितलं नव्हतं. सर घसा खाकरून काहीतरी सांगायला पुढं झाले, पण मीच म्हणाले, "शेवटून दुसरी, चाचा."

चाचा हसले नाहीत. "अच्छा है," ते म्हणाले. "आगे वाली को खाली रस्ता दिखता. पीछे वाली को सब दिखते. नजर रख इस पे." आणि शाहीनची पिशवी त्यांनी तिच्या हातात न देता माझ्या हातात दिली.

गाडी सुटली. सर म्हणाले, ठेव की वर, फळीवर जागा आहे. पण ती पिशवी मी पुण्यापर्यंत मांडीवरच धरून बसले.